हातखंब्याच्या तिठ्यावर

आमच्या घरी पाहुणे आले की चहाच्या आधी फोटोंचा आल्बम पुढे येतो. वेरूळ, हंपी, महाबळेश्वर असे सारे प्रवास त्यात ओळीने चिकटवलेले आहेत. पाहुणे भराभर पाने उलटतात; पण एका पानाशी मी त्यांना थांबवतो. तिथे एक लहानसा चौकोनी, काळापांढरा फोटो आहे. तसा तो बिघडलेलाच. सारा रस्ता एका अंगाला कलला आहे, डाव्या कोपऱ्यात कुणा अनोळखी गृहस्थाचे अर्धे धोतर शिरले आहे. मधोमध एका आंब्याखाली ट्रंक, वळकटी आणि दोन गोणपाटाच्या पिशव्या. ट्रंकेवर आई, तिच्या गुडघ्याला टेकून नऊ वर्षांचा मी, हातात गोळीसोड्याची बाटली. आणि वळकटीवर आजी. आम्ही दोघे कॅमेऱ्याकडे पाहत आहोत. आजी पाहत नाही. तिचा अंबाडा आणि एक कान तेवढा दिसतो.

"हे कुठलं ठिकाण?"

"हातखंबा."

"तिथे काय आहे पाहण्यासारखं?"

काही नाही, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. हातखंब्याला कुणी जात नाही, हातखंब्यावरून जातात. मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा रस्ता जिथे येऊन मिळतो तो हा तिठा. इथून रत्नागिरी बारा-तेरा किलोमीटर. उत्तरेची वाट निवळी, संगमेश्वर, चिपळूण करीत मुंबईला जाते; दक्षिणेची पालीला पोचते, तिथून एक फाटा साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला आणि दुसरा लांजा-राजापूरवरून गोव्याला. कुठूनही कुठेही जायचे असो, हातखंब्याला बसचा वेग मंदावतो, डुलक्या घेणारी माणसे डोळे उघडतात, "हातखंबा आलं" असे एकमेकांना सांगतात आणि पुन्हा डोळे मिटतात. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, गमतीने म्हणत की या गावच्या नावातच रस्ता दाखवणारा हात आणि खांब आहे. मी ते खरे मानून पुष्कळ वर्षे तिठ्यावर तो हातवाला खांब शोधीत असे. आता मराठी शिकवतो, व्युत्पत्तीच्या नावाखाली असली गंमत विद्यार्थ्यांनी केली तर गुण कापतो. पण अण्णांचे गुण कापायचा धीर होत नाही.

फोटो १९८८च्या मे महिन्यातला आहे. आजोबा त्याआधीच्या थंडीत गेले होते. रत्नागिरीच्या वाटेवर, सडकेपासून दोन-तीन मैल आत आमचे घर. जांभ्याच्या चिऱ्यांचे, पुढे पडवी, मागे विहीर. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उघड्यावर पडला की वाऱ्यापावसाने घट्ट होत जातो. १८०७ साली बुकॅनन नावाच्या स्कॉटिश अंमलदाराने मलबारात हाच दगड पाहून त्याला विटेच्या लॅटिन नावावरून 'लॅटराइट' म्हटले. आमच्या फोटोत त्याचा लाल रंग अर्थातच नाही. तिठ्यावरची माती त्यात राखेसारखी दिसते. लाल नसलेले कोकण म्हणजे अनोळखीच मुलूख!

तर त्या घरात आजी एकटी राहिली होती, आणि तिला मुंबईला न्यायचे अण्णांनी ठरवले होते. मौज अशी की त्या वर्षांत वाहतूक उलट्या दिशेने चालू होती. १९८२च्या गिरणी संपाने रिकाम्या झालेल्या माणसांची कुटुंबे ट्रंका घेऊन कोकणात परतत होती. आम्ही एका म्हातारीला तिचे चौसोपी आयुष्य गुंडाळून दहा बाय बाराच्या खोलीत घेऊन निघालो होतो. आजीने वाद घातला नाही. सामानात फक्त एक हट्ट केला, खोबरे खवण्याच्या विळीचा. "मुंबईत विळ्या मिळतात गं," आई म्हणाली. आजीने विळी चिंधीत गुंडाळली आणि पिशवीत घातली. फोटोत नीट पाहिले तर पिशवीच्या तोंडाशी विळीच्या पाटाचा कोपरा दिसतो.

अण्णांनी कचेरीतल्या मित्राचा 'क्लिक थ्री' कॅमेरा मागून आणला होता. एका रिळात बारा फोटो. घर, पडवी, विहीर, तुळशीपाशी उभी आजी असे अकरा त्यांनी गावातच काढले. मग रीळ संपले असे वाटून त्यांनी वाटेत मागचे झाकण किंचित उघडले, चूक ध्यानात येताच झटकन लावले. मुंबईला रीळ धुऊन आले तेव्हा गावातले सारे फोटो उजेड लागून पांढरेफटक झाले होते. आमच्या घराचा एकही फोटो जगात नाही. पुढे तीन-चार पावसाळ्यांत पडवी बसली, मग माजघर. राहिला तो तिठ्यावरचा बारावा.

मी त्या दिवशी अतिशय खुशीत होतो, हे इथे लिहून टाकलेच पाहिजे. आजी आता कायमची आपल्याकडे येणार, रोज गोष्टी सांगणार! वर गोळीसोडा. "आई, इकडे बघ," असे अण्णा दोनदा म्हणाले. आजीने मान वळवली नाही. अण्णांनी तसेच बटण दाबले.

आजी नऊ वर्षे मुंबईत राहिली आणि १९९७च्या पावसाळ्यात गेली. पुढच्याच जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रत्नागिरीजवळ पानवलच्या नदीवर साठ मीटरांहून उंच पूल उभा राहिला. घाट टाळून गावी जाता येईल म्हणून आजी त्या रेल्वेच्या बातम्या माझ्याकडून वाचून घेत असे.

या फोटोवर मी वर्गात एक छोटेसे व्याख्यान देतो. चित्रातला जो माणूस आपल्याकडे बघत नाही तोच आपल्याला काही सांगत असतो, असा काहीसा त्याचा सूर. आजी मागे, घराच्या वाटेकडे पाहते आहे, असे मी म्हणतो. मागच्या बाकांवरही क्षणभर शांतता पसरते. खोटे कशाला बोलू, ती शांतता मला आवडते.

मागल्या दिवाळीनंतर आईला घेऊन रत्नागिरीला चाललो होतो. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. कशेडीला बोगदा झाला आहे, घाट चढावा लागला नाही. हातखंब्याला मी गाडी थांबवली. महामार्गाच्या चौपदरीकरणात तिठ्याचा चेहराच बदलला आहे. आमचा आंबा कुठे होता याचा अंदाज बांधीत मी पुढेमागे फिरलो, एका टपरीवाल्याला फोटो दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून परत दिला. मग गाडीपाशी येऊन आईला म्हटले, "आजी इथे बसून घराच्या रस्त्याकडे बघत होती."

आईने चष्मा पुसून फोटो पाहिला.

"घराकडे कुठलं? एस.टी. येते का बघत होत्या. त्यांना गाडी लागायची. खिडकीची जागा मिळेल का, याचा घोर सकाळपासून."

माझे व्याख्यान त्या क्षणी रस्त्यावर पडले. पण उभे राहून पाहिले, तर मुंबईची गाडी रत्नागिरीहून येणार, म्हणजे घराच्याच रस्त्याने. दोन्हीकडे पाहायचे तर मान एकाच बाजूला वळवायची. मी हे आईला सांगितले.

"मग? गाडी दुसरीकडून कुठून येणार होती?" आई म्हणाली. "चल, ऊन वाढतंय."

मी गाडी सुरू केली. थोडे पुढे गेल्यावर, काचेतून बाहेर पाहत ती आपणहून म्हणाली, "गाडी भरूनच आली होती. आपण दोघं उभे. त्यांच्यासाठी मात्र एका भल्या माणसानं खिडकी सोडली."

"मग लागली नाही ना गाडी?"

"नाही. पण चिपळूण येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत."