दुसऱ्या टोकाची गोष्ट

हौशी रेडिओवाल्यांना शेजारी थोडेसे वेडे समजतात. गेल्या पावसाळ्यांत मीं त्यांना तसें समजण्यास पुरेसें कारण दिलें. भर सरींत, गच्चीवरील एरिअलपासून माझ्या खोलीपर्यंत आलेली साडेदहा मीटर केबल मी भिंतीवरून ओरबाडून काढीत होतों, आणि ज्या वृद्ध स्नेह्यांनीं ती मोठ्या मायेनें बसविली होती, ते खालीं छत्री धरून मुकाट्यानें पाहत होते. त्यांचा एखादा खिळा घुसून आंतल्या तारा एकमेकींस चिकटल्या, असा निवाडा मीं त्यांना तोंडावर ऐकविला होता. पुरावाहि माझ्याजवळ होता : १४ मेगाहर्ट्झवर माझें यंत्र ५० ओहमऐवजीं तीन-चारच ओहम दाखवीत होतें.

यंत्र खोटें बोललें नव्हतें. पन्नास ओहमच्या केबलीच्या टोकाशीं पन्नासच ओहमचा भार असला, तर कोठेंहि मोजा, पन्नासच भरतात. मेळ नसला कीं लाट मागें फिरते, आणि जाणारी व परतणारी यांच्या बेरजेनें जागोजाग निराळा इंपिडन्स — परिभाषाकारांचा ‘संरोध’ — दिसूं लागतो. अर्ध्या लाटेच्या अंतरावर टोकाचें रूप जसेंच्या तसें दिसतें. पाव लाटेवर तें उलटें होतें. टोकाला २५ ओहम असले तर येथें १००. टोक तुटलेलें असलें तर येथें तारा जणूं जोडलेल्या! १४ मेगाहर्ट्झची लाट हवेंत सुमारें साडेएकवीस मीटरांची. पॉलिथिलीनच्या केबलींत तिचा वेग दोन-तृतीयांशावर येतो, म्हणून तेथें पाव लाट साडेतीन मीटरांची. माझी केबल अशा तीन पाव लाटांची होती.

‘इंपिडन्स’ हा शब्द १८८६ सालीं ऑलिव्हर हेविसाइडनें रूढ केला. सोळाव्या वर्षीं शाळा सोडलेला, कानांनीं अधू, एके काळचा तारायंत्रावरील नोकर. तारांतून धांवणाऱ्या लाटांचें गणित त्यानें घरीं बसून मांडलें. तें गणित मी वीस वर्षें मुलांना शिकवीत आलों आहें. फळ्यावर मात्र कोणी स्नेही छत्री घेऊन उभा नसतो.

केबल निम्मी उतरली तेव्हां त्यांनीं खिशांतून बॅटरीवरचा साधा मीटर काढून तिला लावला. “अहो, तारा चिकटलेल्या नाहींतच,” ते म्हणाले. आम्ही गच्चीवर गेलों. एरिअलच्या जोडाशीं डाख सुटून आंतली तार बाजूला झाली होती. तो डाख माझ्या हातचा होता.

त्यांनीं तिकडे पाहिलें, मग माझ्याकडे, आणि खिळे कोठें ठेवले आहेत एवढेंच विचारलें.