चौकातले ऊन

उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचवण्याचा खेळ कोणत्या मुलाला ठाऊक नाही? आरसा किंचित कलला की कवडसा भिंतीवरून झरकन पळतो. हाच खेळ एखाद्या गावाची शंभर वर्षांची आस पुरवील, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येणार नाही.

नॉर्वे देशात, उंच डोंगरांमधल्या एका अरुंद दरीत, ऱ्यूकान नावाचे गाव आहे. धबधब्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून खतांचे कारखाने चालवावेत, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ते वसवले गेले. कारखाने उभे राहिले, घरे झाली. पण उन्हाची सोय कोण करणार? त्या उत्तरेकडील प्रदेशात हिवाळ्यात सूर्य फार वर चढत नाही आणि दक्षिणेचा डोंगर त्याला झाकून टाकतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गावात ऊन म्हणून उतरत नाही. समोरच्या डोंगरमाथ्यावर मात्र ते लखलखत असते!

ते ऊन आरशाने खाली आणावे, ही कल्पना 1913 साली निघाली. पण ती तशीच राहिली. पुढे 1928 साली डोंगरावर जाणारा तारेवरचा पाळणा सुरू झाला. ऊन खाली येईना, तेव्हा माणसेच उन्हाला भेटायला वर जाऊ लागली.

अडचण कोणती होती? प्रकाशाचा नियम तर माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ ठाऊक होता. आरशाच्या पृष्ठभागाला लंब असलेली रेषा म्हणजे स्तंभिका. येणारा किरण तिच्याशी 30 अंशांचा कोन करीत असेल, तर परतणारा किरणही दुसऱ्या बाजूस 30 अंशांचाच कोन करतो. आणि दोन्ही किरण व स्तंभिका एकाच पातळीत असतात. चौक जागचा हलत नाही. सूर्य मात्र सारखा सरकत असतो. तेव्हा स्तंभिका सदैव त्या दोहोंच्या बरोबर मध्यावर रोखलेली हवी. सूर्य त्या पातळीत 10 अंश सरकला, तर आरशाने 5 अंशच वळले पाहिजे. जरा चूक झाली, की कवडसा चौक सोडून भलत्याच छपरावर जायचा! नियम ठाऊक होता. तो क्षणोक्षणी पाळणारा स्थिर हात हवा होता.

तो हात संगणकाच्या रूपाने लाभला. गावापासून सुमारे 450 मीटर उंचीवर, प्रत्येकी 17 चौरस मीटरचे तीन आरसे बसवले गेले. हा पैशाचा अपव्यय आहे, असे म्हणणारेही गावात होते. परंतु 2013 सालच्या ऑक्टोबर महिन्यात या आरशांचा समारंभ झाला, तेव्हा चौक माणसांनी फुलून गेला होता.

तो कवडसा सुमारे 600 चौरस मीटरचा. चौकाबाहेर पाऊल टाकले की पुन्हा सावलीच. तरीही त्याचे मोल थोडे नाही. ज्यांच्या अंगणात ऊन रोज न बोलावता येते, त्यांना ते कदाचित कळणार नाही. ऱ्यूकानच्या मुलांना मात्र ते सांगावे लागत नाही.