सूत्राच्या आधी

कार्य, ऊर्जा आणि शक्ती यांवरची गणितं मुलं फार घाईने सोडवायला घेतात. बल दिलंय, अंतर दिलंय, गुणाकार केला, पुढे ज्यूल लिहिलं, झालं. नववीत हे खपून जातं. अकरावीला खपत नाही, कारण तिथे एकाच वस्तूवर चार बलं लागलेली असतात आणि प्रश्न त्यातल्या एकाबद्दलच असतो. म्हणून मी सूत्र उशिरा फळ्यावर आणतो. आधी वहीत एक ओळ लिहायची : कोणत्या बलाने, कोणत्या वस्तूवर, कुठून कुठपर्यंत. ही ओळ नीट उतरली की निम्मं गणित सुटलेलं असतं.

पुस्तकातला हमाल डोक्यावर ओझं घेऊन फलाटावरून चालतो. आमच्या वारणानगरला त्याची गरज नाही. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या टोळ्या फडात उतरतात, आणि हे गणित मुलांना शाळेत येता-जाता दिसतं. डोक्यावर 40 किलोची मोळी घेऊन बाई सपाट वाटेने ट्रकपर्यंत येते. गुरुत्वाकर्षणाने मोळीवर केलेलं कार्य किती? शून्य. बल खाली, विस्थापन आडवं, मधला कोन 90 अंशांचा. यावर दरवर्षी कोणीतरी उसळून विचारतं, ‘‘सर, मग ती दमते कशानं?’’

हा प्रश्न आला की मी धडा बाजूला ठेवतो. ओझं नुसतं पेलून धरायलाही स्नायूंना ऊर्जा लागते. त्यांच्यातले सूक्ष्म तंतू एकमेकांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. त्यात अन्नातली रासायनिक ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. शिवाय दर पावलाला मोळी किंचित वर जाते, किंचित खाली येते. वर नेताना केलेलं कार्य ती खाली येताना शरीराला जसंच्या तसं परत मिळत नाही. तेव्हा शून्य हे उत्तर बरोबरच आहे, पण ते मोळीबद्दल आणि एका बलाबद्दल आहे. बाईच्या शरीरात काय चाललंय, हे गणिताने विचारलेलंच नव्हतं. ते मुलाने विचारलं, आणि तो प्रश्न जास्त मोठा आहे.

मग तीच बाई फळीवरून ट्रकवर चढते. उंची तीन मीटर धरू. 40 गुणिले 9.8 गुणिले 3, म्हणजे 1,176 ज्यूल. बहुतेक वह्या इथे थांबतात. पण वर मोळी एकटी गेली का? तिच्याबरोबर बाईचे स्वतःचे 50 किलोही चढले. बेरीज 2,646 ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्के, म्हणजे एका चढणीला तिच्या शरीरातून दहा ते तेरा हजार ज्यूल जातात. आता विजेचं एक युनिट घ्या : एक किलोवॅट-तास, 36 लाख ज्यूल. तिने वर चढून केलेलं कार्य एका युनिटाएवढं व्हायला तशा 1,360 खेपा लागतील. हे उत्तर आल्यावर मुलं आधी आपलाच भागाकार तपासतात. मी तपासू देतो. मग घरच्या वीजबिलावर महिन्याचे किती युनिट आहेत, ते बघून यायला सांगतो.

पन्हाळ्याचं गणित त्यामानाने झटपट होतं. गड पायथ्यापासून सुमारे 400 मीटर उंच. 50 किलोच्या मुलाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध केलेलं कार्य 1,96,000 ज्यूल. पायवाटेने गेला काय, वळणाच्या डांबरी रस्त्याने गेला काय, आकडा तोच. हजार लिटर पाणी 20 मीटर वर चढवायलाही नेमके तेवढेच ज्यूल लागतात. तिथून मी थेट विहिरीवर जातो.

अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने आपल्या वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना करता यावी म्हणून रूढ केलं. घोडे गेले, पण आमच्याकडचा शेतकरी आजही मोटर एचपीतच मागतो. एक एचपी म्हणजे 746 वॅट, पाचची मोटर 3,730 वॅटची. वहीतल्या हिशोबाने ती हजार लिटर 20 मीटरवर 53 सेकंदांत चढवते. आता मुलांनी शेतावर जायचं, 200 लिटरचं पिंप लावायचं आणि घड्याळ बघायचं. वहीप्रमाणे अकरा सेकंदांच्या आत भरायला हवं. एका मुलीच्या शेतावर वीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदाला दहा लिटर, उपयोगी शक्ती 1,960 वॅट. मोटर पूर्ण भाराने चालते असं धरलं, तर कार्यक्षमता जेमतेम 53 टक्के.

उरलेली ऊर्जा कुठे गेली, यावर वर्गात झालेली चर्चा मला कुठल्याही सराव-परीक्षेपेक्षा मोलाची वाटते. पाइपातलं घर्षण, बेंड, पंपातले भोवरे, जाळीत अडकलेला कचरा. मुलीने घरी सांगून फूटव्हॉल्व्ह साफ करून घेतला, पुन्हा पिंप लावलं. सतरा सेकंद. 62 टक्के असं उत्तर मांडून ती उत्साहाने आली. गणितात चूक नव्हती. मी एवढंच विचारलं, ‘‘उंची किती धरलीस?’’ तिने आधीचेच 20 मीटर धरले होते, आणि मधल्या दिवसांत विहिरीचं पाणी उतरलं होतं. ती दोरी घेऊन पुन्हा गेली. पाणी एक मीटर खाली होतं. कार्यक्षमता 65 टक्के निघाली. या वेळी वहीत सगळ्यात वर तिने ती ओळ लिहिली होती : पंपाने, पाण्यावर, विहिरीतल्या आजच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंत.