वाचले खरे, पण कळले का?

सीमाभागात चार माणसे बसली आणि शाळेचा विषय निघाला, की बोलणे माध्यमावर येऊन ठेपते. मराठी की कन्नड? आणि अलीकडे, इंग्रजी का नको? १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपासून हा वाद आपल्या ओसरीवर ठाण मांडून बसला आहे, आणि तो क्षुल्लक आहे असे मी म्हणणार नाही. परंतु जोयडा तालुक्यातील मराठी शाळांत उमेदीची वर्षे घालवल्यावर त्याच्या जोडीने आणखी एक प्रश्न मला छळत आला आहे. मूल ज्या भाषेत वाचते, त्या भाषेत त्याला वाचलेले कळते का?

जोयडा म्हणजे जुना सुपा तालुका. काळी नदीवरचे धरण १९८७ साली पूर्ण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. घरेदारे सोडून उठलेली कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. आजही तालुक्याचा बराच भाग रानाचा आहे. इथले मूल घरी कोंकणी बोलते. त्यातही कुणबी घरातली कोंकणी निराळी. शाळेत त्याला पुस्तकी मराठी भेटते, आणि बसच्या पाटीपासून कचेरीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे कन्नड. बोलायची भाषा एक, शिकायची दुसरी आणि कागदाची तिसरी.

अशा मुलाचे वाचन आपण पारखतो कसे? प्रकट वाचनाने. मूल उभे राहते, पुस्तक समोर धरते आणि न अडखळता धडा म्हणून दाखवते. तपासायला आलेले साहेब खूश, पालक खूश. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरेही बरोबर येतात. ती कशी येतात हे पाहावे म्हणून मी एकदा सहावीच्या वर्गात फळ्यावर एक निरर्थक वाक्य लिहिले : ‘झुमटा गिलकन ओंबळला.’ मग विचारले, कोण ओंबळला? सगळे हात वर. “झुमटा!” कसा ओंबळला? “गिलकन!” दोन्ही उत्तरे शंभर टक्के बरोबर. शेवटी मागच्या ओळीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “बाई, ओंबळला म्हणजे कितें?” त्या दिवशी वर्गात खरे वाचन तिने एकटीने केले होते.

हा काही केवळ गुणांचा प्रश्न नाही. एकदा सातवीतल्या एका मुलीचे वडील कन्नड कागद घेऊन शाळेत आले. मुलीचे कन्नड वाचन उत्तम. तिने सगळा कागद घडाघडा वाचून दाखवला. “आता काय लिहिलंय ते सांग,” वडील म्हणाले. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. कागद जमिनीच्या नोंदीचा होता. हरकत घेण्याची मुदत त्यात दिली होती आणि तिचे चारच दिवस उरले होते. अख्खे गाव धरणात गेलेल्या तालुक्यात जमिनीचा कागद न कळणे म्हणजे काय, हे आपल्यासारख्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

समजणे ही गोष्ट आपोआप येते असे आपण धरून चालतो. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. त्यांचा अभ्यास १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळजवळ साडेचार हजार मिनिटांच्या वाचनाच्या तासांत, अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात गेलेली मिनिटे होती जेमतेम वीस. बाकीचा बराच वेळ प्रश्न विचारण्यात आणि उत्तरे तपासण्यात गेला होता. आपल्याकडचे चित्र मला तरी फारसे निराळे दिसले नाही. पुढे १९८४ मध्ये पॅलिंक्सर आणि ब्राऊन या दोघींनी मुलांना चार सवयी लावून पाहिल्या : पुढे काय येईल याचा अंदाज करणे, स्वतः प्रश्न काढणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि थोडक्यात सांगणे. वाचता येऊनही न समजणारी मुले त्यामुळे सुधारली.

आमच्या वर्गात मी हे आमच्या रीतीने केले. एका तासाला एकच परिच्छेद. आधी नाव वाचून अंदाज, मग मूकवाचन, मग पुस्तक मिटून, शेजाऱ्याला आपल्या घरच्या बोलीत सांगायचे. कोंकणीत सांगायला मी मुद्दाम लावत असे. पुस्तकातले वाक्य तसेच्या तसे म्हणून सुटका करून घ्यायची सोय बोलीत उरत नाही. त्यानंतर प्रश्न मुलांनीच काढायचे, पण ज्याचे उत्तर छापलेले नाही असेच. मी दोन ओळी लिहून दिल्या होत्या : ‘आजोबा बाजारातून आले. त्यांनी छत्री उंबऱ्याबाहेर उघडून ठेवली आणि ते चुलीपाशी जाऊन बसले.’ पावसाचा शब्दही त्यात नाही, तरी वर्ग म्हणाला, पाऊस होता. कशावरून? छत्री वाळत घातली. थंडी वाजली म्हणून चूल. याला मराठीत अनुमान म्हणतात. कन्नडमध्ये ‘अनुमान’ म्हणजे संशय! मुलांना याची फार गंमत वाटली. तसेच ‘प्रपंच’. आपला घरसंसार, त्यांचे जग. ‘अभ्यास’ म्हणजे आपला धडा घोटणे, त्यांची सवय. ‘अवसर’ आपल्याकडे संधी, त्यांच्याकडे घाई. ओळखीचा शब्द दिसला तरी आजूबाजूचे वाक्य पाहिल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये, हे दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाला असे लवकर पटते. ही त्याची अडचण मानली जाते. खरे तर ही त्याची कमाई आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. शहरातल्या बागेचा धडा रडतखडत वाचणारा मुलगा कंदमुळांवरचा उतारा वाचताना खुलायचा. काटेकणंग कधी खणतात, त्याचा वेल कशाला चढवतात, हे त्याला लेखकापेक्षा जास्त ठाऊक. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये बेसबॉलच्या वर्णनावर असाच प्रयोग केला होता. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. तेव्हा ज्याला आपण ‘ढ’ म्हणतो, त्याच्यापुढे एकदा त्याच्या रानातला उतारा ठेवून पाहावा.

मराठीत लागलेली सवय कन्नडमध्येही उपयोगी पडते. पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसरीत कामाला येते, असे कॅनडातले जिम कमिन्स १९७९ पासून मांडत आले आहेत. मी कन्नड नोटिशी वर्गात आणल्या आणि चारच प्रश्न ठेवले. कागद कोणी लिहिला? कोणाला? काय करायला सांगितले आहे? कधीपर्यंत? जमिनीच्या कागदापाशी थांबलेली ती मुलगी हे चार प्रश्न घरी घेऊन गेली. पुढे वाड्यावरचे लोक आपापले कागद घेऊन तिच्याकडे येऊ लागले, असे तिचे वडील मला सांगत.

माध्यमाचा निर्णय प्रत्येक घर आपल्या परीने घेईल. परंतु हे काम कोणत्याही घरात होण्यासारखे आहे, आणि त्याला शिकलेलेच माणूस लागते असे नाही. अक्षर न ओळखणारी आजीसुद्धा रात्री नातवाला जवळ घेऊन म्हणू शकते, “आज काय वाचलंस, ते मला सांग.” त्याने आपल्या बोलीत सांगावे, तिने मध्येच “मग? आणि का बरं?” असे विचारावे. सांगणे जिथे अडेल, तिथेच वाचनही अडलेले असते. तेवढ्या ओळी त्याला पुन्हा वाचायला लावाव्यात आणि पुन्हा सांगायला लावावे.