माझ्या माशाचा फोटो

रविवारी सकाळी बायको खाडीवर गरवायला जाते, हे चारचौघांत सांगताना आमच्या ह्यांना अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं. बायकोनं बाजारातून मासे आणावेत, साफ करावेत, तळावेत, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण तेच मासे तिनं स्वतः गळाला लावून आणले की, या घरात काहीतरी बिघडलंय असं लोकांना वाटू लागतं!

मी रत्नागिरीत राहते. आठवड्यातले चार दिवस शाळेत अर्धवेळ शिकवते, बाकी घर. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते, तिथली खाडी आमच्या घरापासून फार लांब नाही. गेल्या वर्षी तिथं मला चांगली दोन किलोची तांबोशी मिळाली. घरी आले तर सासूबाईंनी पिशवीत डोकावून विचारलं, "कितीला घेतलीस ग?"

"घेतली नाही, मिळाली."

"कुणी दिली?"

आता काय सांगावं? संध्याकाळी शेजारी आले, तेव्हा हेच म्हणाले, "आज बाजारात तांबोशी छान आली होती." रात्री ताटात काटे उरले, तेही मांजरानं नेले. विषय संपला. विणलेला स्वेटर दहा वर्षं दिसतो, भरतकाम भिंतीवर राहतं. बाईनं पकडलेला मासा मात्र जेवणाबरोबर नाहीसा होतो. तेव्हापासून मी फोटो काढू लागले.

पण खरं कारण एवढंच नाही. गरवायला मला बाबांनी शिकवलं. माझं माहेर खाडीच्याच काठी, जरा आतल्या बाजूला. तंगूस बोटाला गुंडाळून मासा कसा चाचपायचा, शीस किती जड लावायचं, उधाणाला पाण्याची ओढ फार म्हणून नवख्यानं भांगाला यावं, हे सगळं त्यांचं. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची खाडी सुटली. आता ते खाटेवर पडून माझ्या फोटोची वाट बघतात. आणि परीक्षक म्हणून माझ्यापेक्षा कडक! नुसता दगडावर ठेवलेला मासा पाठवला, तर लगेच फोन येतो, "हा बोटाएवढा की हाताएवढा? आणि धरणारी कुठाय?" म्हणजे फोटोत मासाही हवा आणि मीही हवी. खाडीवर तर मी एकटी.

हसू नका हं, पण एका हातात वळवळणारा मासा नि दुसऱ्या हातात मोबाईल, ही कसरत ज्यानं केली त्यालाच कळेल. मी आता माझी पद्धत बसवली आहे. मासा गळाला लागला की आधी तो खाडीच्याच पाण्यानं भरलेल्या बालदीत सोडायचा. घाई करायची नाही. मोबाईल डब्याला टेकवून दगडावर उभा करायचा, भरतीचं पाणी पोचणार नाही इतक्या वर. कारण पाणी चढायला लागलं की आपलं लक्ष माशाकडे आणि मोबाईल खाडीकडे! टायमर दहा सेकंदांवर ठेवायचा, तीन सेकंदांत कुणाचंच काही होत नाही. जिथं उभं राहायचं तिथं चप्पल ठेवून आधी एकदा रिकामाच फोटो काढून बघायचा. सकाळचं ऊन आपल्या तोंडावर यायला हवं, आणि डोक्यावरची टोपी किंवा ओढणी जरा मागे सारायची, नाहीतर नाकाखाली सगळी सावलीच येते. एवढं झालं की मग बालदीत हात घालायचा.

हात ओलेच हवेत. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत असतं. कोरड्या हातानं किंवा फडक्यानं धरलं तर तो निघून जातो, आणि मासा सोडायचा असेल तर मग त्याच्या जिवावर बेततं. एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीजवळ, आणि गुडघे वाकवून पाण्यालगत बसायचं, म्हणजे निसटला तरी पाण्यातच पडतो. मासा बाहेर असेपर्यंत आपणही श्वास रोखून धरायचा, असं बाबांनी सांगितलंय. आपल्याला गुदमरायला लागलं, की त्याला केव्हाच गुदमरलेलं असतं.

शेंगटीचा मात्र असा फोटो काढायच्या फंदात पडू नये. तिचे काटे विषारी असतात, आणि एकटीला काटा लागला तर हात धरायलाही कुणी नसतं. लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून धरावा, ठणका उतरतो. काटा आत मोडून राहिला किंवा सूज चढली, तर सरळ डॉक्टरकडे जावं. घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगितल्याशिवाय मी बाहेर पडत नाही, हेही इथंच सांगून टाकते.

हात लांब करून मासा पुढे धरला की तो दुप्पट दिसतो, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना तर फारच. "कोपरं अंगाला लाव," म्हणतात, "मासा खोटं बोलायला लागलाय!" शेवटी मी बांगडीचा उपाय काढला. माझ्या बांगडीचं माप 2-4, म्हणजे 2 इंच आणि वर 4 सोळांश. आतून सव्वादोन इंच, साधारण 57 मिलिमीटर. मासा धरलेल्या हातातली बांगडी फोटोत दिसली, की बाबा तिकडे बसल्या बसल्या हिशोब करून माशाची लांबी सांगतात. फार चुकत नाहीत.

लहान मासा मी सोडून देते. राज्य सरकारनं 2023 मध्ये 54 जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली. पण बाबा त्याच्या कितीतरी आधीपासून सोडायचे. "अंडी घालू दे एकदा," म्हणायचे. सासूबाईंना हा शुद्ध वेडेपणा वाटतो. हातचा मासा पाण्यात आणि घरात काय, तर चित्र! पण सोडलेल्या माशाचं चित्रच तर काय ते राहतं.

आता आईचं सांगते. ती गळ टाकत नसे. ओहोटी लागली की परकर-लुगडं खोचून गुडघाभर चिखलात उतरायची आणि तिसऱ्या, कालवं काढायची. एकटीच. आमच्या वह्या-पुस्तकांना त्या टोपलीतले पैसे किती लागले, त्याचा हिशोब कुणी ठेवला नाही. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर मिळाला फक्त मतदार ओळखपत्रावरचा. तोच मोठा करून घेतला. त्यात ती दचकल्यासारखी बघते आहे, आणि मागे पांढरी भिंत. मामाकडे जुना आग्फा क्लिक-3 होता, पण तो लग्नामुंजींतच पेटीबाहेर यायचा. एका रोलमध्ये 12 फोटो. त्यातला एक चिखलातल्या बाईवर कोण खर्च करणार? खाडीतली आई कशी दिसायची, ते आता फक्त बाबांना आणि मला माहीत आहे. माझ्या मुलाला सांगायला गेले तर तो म्हणतो, "पण दाखव ना!"

म्हणून दहा सेकंदांसाठी मी चप्पल मांडून उभी राहते. केस विस्कटलेले, हातावर खवले चिकटलेले, एका फोटोत तर मासा उडालेला आणि माझा नुसता आ वासलेला. तोही ठेवलाय.

येत्या अष्टमीला भांग आहे आणि शाळेला सुट्टी. परवा जेवताना हे स्वतःहून म्हणाले, "येऊ का ग? फोटो काढायला तरी कुणी हवं." मी वाढता वाढता थांबले. मग म्हटलं, "या की. बालदी धरायला या. फोटो काढायचं माझं मी बघते."