हुगळीकाठचे दुसरे श्रीरामपूर

श्रीरामपूर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उसाचे मळे आणि साखर कारखाने उभे राहतात. याच नावाचे आणखी एक गाव बंगालमध्ये, हुगळीच्या पश्चिम काठावर आहे. हावड्याहून बंडेलकडे जाणारी लोकल धरली की अर्ध्या-पाऊण तासात ते येते. स्टेशनाबाहेर मिठाईची दुकाने आणि ‘टोटो’ म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षांची गर्दी. कलकत्त्याचेच एखादे उपनगर वाटावे! पण नदीकडच्या रस्त्याला लागताच गावाचा चेहरा बदलतो. १७८६ सालची, अलीकडे डागडुजी करून पुन्हा उघडलेली डेन्मार्क टॅव्हर्न लागते, १८०६ मध्ये पुरे झालेले सेंट ओलाव्ह चर्च दिसते आणि इथे इंग्रजांचे नव्हे, डेन्मार्कचे राज्य होते, हे लक्षात येते. १७५५ ते १८४५ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, गावावर डॅनिश निशाण होते.

ते निशाण नसते तर विल्यम कॅरी इथे आलेच नसते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या भानगडीत व्यापार बुडेल, ही तिची धास्ती. त्यामुळे १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालमध्ये उतरलेल्या कॅरींना उत्तर बंगालात निळीच्या कारखान्यावर नोकरी धरावी लागली. इंग्लंडमध्ये ते जोडे शिवत आणि गावच्या चर्चमध्ये उपदेश करीत. इथे ते बंगाली शिकले, बायबलचे भाषांतर करू लागले, खेडोपाडी फिरून बोलले. एकही बंगाली माणूस ख्रिस्ती झाला नाही. सहा वर्षे अशीच गेली. १८०० च्या जानेवारीत ते श्रीरामपूरला आले. शाळामास्तर जोशुआ मार्शमन आणि मुद्रक विल्यम वॉर्ड हे दोघे इथे त्यांचे सोबती होते.

कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनचे डॉक्टर जॉन थॉमस यांनी तो बसवला आणि त्या निमित्ताने बोलणे सुरू झाले. २८ डिसेंबर १८०० रोजी, घाटावर लोकांची गर्दी असताना, कृष्ण पालचा हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्मा झाला. कॅरींना बंगालमध्ये येऊन सात वर्षे उलटून गेली होती.

मिशनच्या पुस्तकांतून हा दिवस विजयाचा म्हणून सांगितला जातो. पण त्याच दिवशी, इतकी वर्षे वाट पाहिलेले डॉक्टर थॉमस मनाचा तोल जाऊन खोलीत बंद होते आणि दुसऱ्या एका खोलीत कॅरींची पत्नी डोरोथी बंद होती. डोरोथीला हिंदुस्थानात यायचेच नव्हते. आधी तिने साफ नकार दिला होता. कडेवर तान्हे मूल असताना, अगदी शेवटच्या घडीला ती तयार झाली. १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला आणि त्यानंतर तिचे मन पुन्हा थाऱ्यावर आले नाही. १८०७ मध्ये ती वारली, तोवर शेजारच्याच खोलीत कॅरींचे भाषांतर चालू असे. देवावर भार टाकून धीर धरणाऱ्या माणसाचे कौतुक सगळेच करतात. त्या धीराची किंमत घरातल्या दुसऱ्याच कुणी मोजली, हे श्रीरामपुरात आल्यावर डोळ्याआड करता येत नाही.

कॅरींच्या विश्वासाची खरी परीक्षा मात्र ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी झाली. सुमारे २०० फूट लांबीच्या छापखान्याला आग लागली. कागदाचे ढीग, कितीतरी लिप्यांचे खिळे आणि वर्षानुवर्षे लिहिलेली हस्तलिखिते जळाली. फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत असल्यामुळे कॅरी तेव्हा कलकत्त्यात होते. सकाळी मार्शमन यांनी बातमी नेली. परत येऊन कॅरींनी राख पाहिली. पुढच्या रविवारी ते प्रवचनाला उभे राहिले, तेव्हा त्यांनी शेहेचाळिसाव्या स्तोत्रातले वचन घेतले : गडबडून न जाता देव कोण आहे ते ओळखण्याविषयीचे.

त्यांचा भरवसा हात जोडून बसण्याचा नव्हता, हे ढिगाऱ्यात दिसले. खिळ्यांचे पोलादी ठसे आणि साचे शाबूत निघाले. वितळलेले शिसे गोळा करून खिळे पुन्हा ओतले गेले आणि काही आठवड्यांतच छपाई सुरू झाली. जळालेली भाषांतरे पुन्हा लिहिली गेली. सगळेच परत आले, असे मात्र नाही. संस्कृत आणि तिच्या जवळच्या भाषांचा जो बहुभाषी कोश कॅरी रचत होते, तो पुन्हा कधीच पुरा झाला नाही.

याच छापखान्याशी मराठीचेही नाते आहे. कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये इथे निघाले. १८१० मध्ये मराठी–इंग्रजी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत छापले होते. या कामात त्यांना वैजनाथ पंडितांची मदत होती. पुढे १८११ मध्ये मराठी नवा करारही इथेच छापला गेला. सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या ओळखीच्या कुंभ्याच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘करेया आर्बोरिया’ आहे, तेही कॅरींवरून. झाडांचे त्यांना वेड होते. १८२३ च्या महापुराने त्यांची बाग धुऊन नेली, तीही त्यांनी पुन्हा लावली.

१८१८ मध्ये स्थापन झालेले श्रीरामपूर कॉलेज नदीकाठी आजही भरते. उंच खांबांची मुख्य इमारत आणि आतले ओतीव लोखंडाचे जिने पाहण्याजोगे आहेत. आवारातच कॅरी ग्रंथालय आहे. जुने ग्रंथ पाहायचे असतील तर आधी चौकशी करून जावे. थोड्या अंतरावर मिशनची दफनभूमी आहे. कॅरी ९ जून १८३४ रोजी गेले. थडग्यावर आपली स्तुती नको, देवाच्या हाती पडलेला एक दुबळा जीव एवढेच लिहावे, अशी त्यांची इच्छा होती. तसेच ते कोरलेले आहे.

थंडीचे दिवस सोयीचे. आषाढात गेल्यास गावालगतच्या महेशची जुनी जगन्नाथ रथयात्रा बघायला मिळते, पण त्या दिवशी रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. परतताना लोकलऐवजी होडीने पलीकडच्या बराकपूरला उतरता येते. होडी काठ सोडते तेव्हा ज्या पाण्यात कृष्ण पाल उतरला होता, तेच पाणी बाजूने वाहत असते आणि घाटावर कुणीतरी धुणे धूत असते.