मुहूर्त टळला आणि गोष्ट उरली

अंबाजोगाईची योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली आणि मुहूर्त टळला, अशी आमच्या बीड जिल्ह्यातली आख्यायिका आहे. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी कुमारिकाच राहिली. अंबाजोगाईतल्या हत्तीखान्याच्या लेण्यांकडे बोट दाखवून जुनी माणसं सांगतात, हेच ते वऱ्हाड. परळी तिथून सुमारे 25 किलोमीटरवर. मी मालिकांचे संवाद लिहिते, आणि ऐतिहासिक प्रेमकथेचं सगळं बळ मला या आख्यायिकेत दिसतं. दोन जीव, त्यांच्यामध्ये पार न होणारं अंतर, आणि सगळ्यांना आधीच ठाऊक असलेला शेवट.

आजच्या काळातल्या मालिकेत नायक-नायिकेला एकमेकांपासून दूर ठेवायचं म्हणजे लेखकाची दमछाक होते. दोघांच्या हातात मोबाइल असतो, गैरसमज एका फोनवर मिटू शकतो. मग कारस्थानी जाऊ आणावी लागते, अपघात घडवावा लागतो, कुणाची तरी स्मृती घालवावी लागते. ऐतिहासिक मालिकेत हे काम घरची रीतच करते. सासरे ओसरीवर बसलेले, माजघरात वडीलधाऱ्या बायकांचा पहारा, दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलायची सोय नाही. अशा घरात पाण्याचा तांब्या देताना बोटाला बोट लागलं, तरी 22 मिनिटांचा भाग तिथे थांबवता येतो आणि प्रेक्षक उद्याची वाट बघतो. ‘जेवलात का?’ एवढ्या प्रश्नात बायको आपलं सगळं मन ओतू शकते, कारण दुसरं काही विचारायची तिला मुभाच नसते. इंग्लंडातल्या उमरावांची ‘ब्रिजर्टन’ ही मालिका जगभर पाहिली गेली, त्यातही हेच आहे. तरुण मुलीने पुरुषाबरोबर एकटं दिसायचं नाही, एवढ्या एका नियमावर तिथला सगळा शृंगार उभा आहे.

झी मराठीवरची ‘उंच माझा झोका’ (2012-13) मला या प्रकारातली सर्वांत समृद्ध मालिका वाटते. 1873 मध्ये अकरा वर्षांच्या रमाचं लग्न तिशी ओलांडलेल्या विधुर महादेव गोविंद रानड्यांशी झालं. रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं आणि घरातल्या बायकांनी त्यावरून तिचा छळ मांडला. रमाबाईंनी 1910 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलं आहे. इथे नवऱ्याची माया अक्षरओळखीच्या रूपाने येते. बायकोने वाचलेली पहिली ओळ हा त्या संसारातला खरा उत्कट क्षण ठरतो, आणि तो उत्कट वाटावा म्हणून लेखकाला पदरचं काही घालावं लागत नाही.

माधवराव पेशवे आणि त्यांची पत्नी रमाबाई, या दुसऱ्या रमेच्या कथेत शेवटाचं ज्ञान काम करतं. 1980 च्या दशकात दूरदर्शनवरच्या ‘स्वामी’त रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांनी ही जोडी साकारली, 2019 मध्ये कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ आली. माझं माहेर गेवराई तालुक्यातलं. त्याच तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 रोजी अठरा वर्षांच्या माधवरावांनी तिथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. पुढे 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला क्षयाने त्यांचा अंत झाला आणि रमाबाई सती गेल्या. प्रेक्षकाला हे शाळेपासून माहीत असतं. त्यामुळे रमाने माधवरावांच्या अंगावर शेला घातला, तरी घराघरातल्या बायकांचे डोळे भरतात. सुखाचा प्रसंग लिहिताना मी दुःखाचा एक शब्दही घालत नाही. प्रेक्षक तो स्वतःबरोबर घेऊन आलेला असतो.

जुन्या काळाच्या या ओढीची दुसरी बाजू मात्र बीडच्या माणसाला विसरता येत नाही. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला पडद्यावरची अकरा वर्षांची नवरी दीडशे वर्षांपूर्वीची वाटते. आमच्या जिल्ह्यात 20 ते 24 वयोगटातल्या स्त्रियांपैकी 43 टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठरा वर्षं पुरी होण्याआधी झाली होती, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. राज्याचं प्रमाण सुमारे 22 टक्के होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती जोडीला. साखर कारखान्यावर तोडीला जाताना पोरगी गावात एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्नही आईबापांना छळतो. लग्न लवकर उरकण्यामागे ही कारणं आहेत. अशा घरातली पोर पालावर, मोबाइलच्या पडद्यावर नऊवारीतली इवलीशी नवरी पाहते, तेव्हा आम्ही काय दाखवतो याला फार किंमत येते. नथ, पैठणी आणि सनईच्या सुरांत बालविवाह गोजिरवाणा करून दाखवणं मला अपराध वाटतो. ती पोर शिकली कशी, बोलू लागली कशी, हे दाखवलं तरच त्या काळाकडे जाण्यात अर्थ आहे. पुढे रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभारलं, म्हणून त्यांच्या संसाराची गोष्ट आजच्या मुलीला पुढे नेते. म्हणूनच फुले दांपत्यावरची ‘सावित्रीजोती’ मालिका 2020 मध्ये वर्ष पुरं व्हायच्या आत थांबली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मला मनापासून लिहायची आहे ती प्रेमकथा निजामी मराठवाड्यातली. अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद होती. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्याचं नेतृत्व करणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांनी तिथल्या योगेश्वरी विद्यालयात मुलं घडवली, आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात अडकलेला होता. त्या लढ्यात कितीतरी घरांतला पुरुष भूमिगत होता, तुरुंगात होता किंवा सरहद्दीपलीकडच्या छावणीत होता. चिठ्ठी पोचेल की पकडली जाईल, दारावरची थाप त्याची की पोलिसांची, यात मालिकेला हवी ती सगळी उत्कंठा आहे. माझी नायिका लिहितावाचता येणारी असेल, आणि त्याला निरोप देण्याचा निर्णय तिचाही असेल. रीतीने लादलेल्या अंतरातून आजवर आपण खूप गोड गोष्टी काढल्या. एका बाईने समजून उमजून पत्करलेलं अंतर त्याहून मोठी प्रेमकथा देऊ शकतं, आणि ती पाहायला आमच्या जिल्ह्यातल्या मुली तयार आहेत.